तीन मिलिमीटर आखूड

भाचीने कॅल्क्युलेटरवर तोच आकडा पुन्हा आणला आणि मामाच्या नाकासमोर धरला.

"चाळीस टन! हा बीम तीन मिलिमीटर ताणायचा तर चाळीस टनांची ओढ लागेल. तुमची चेनपुली केवढ्याची? दोन टनांची!"

"तुझी गणितं कागदावर ठेव," मामा म्हणाला. "लोखंड माझं ऐकतं."

वाचनालयाच्या पोटमाळ्याचा हा सहा मीटरचा बीम दोन खांबांमध्ये बसायचा होता आणि नेमका आखूड निघाला होता. कारखान्यात तो दिलेल्या मापाबरहुकूम कापला होता. माप मात्र मामाने घेतलं होतं, आपल्या लाडक्या टेपने. त्या टेपचं टोक कधीच तुटलं होतं आणि मामाने स्वतःच्या हाताने दुसरं ठोकून बसवलं होतं. भाचीने आणून दिलेला नवा टेप पिशवीत तसाच पडून होता. पण टेपचं नाव काढलं की मामा दिवसभर फुगून बसणार, हे तिला पाठ होतं.

सकाळपासून तिने घसा कोरडा केला होता. फटीत लोखंडी पट्टी सरकवा, बोल्ट आवळा, विषय संपला. पण पट्टी दिसली असती, आणि मामाने तर वाचनालयाच्या कमिटीपुढे छातीठोकपणे सांगितलं होतं, जोडात सुई शिरली तर नाव बदलीन. त्याच कमिटीला आज इंजिनियर म्हणून भाचीची सही हवी होती.

"बरं, ओढत नाही," मामा म्हणाला. "गॅसने तापवतो. आपसूक वाढेल. गरम असतानाच बोल्ट मारतो. वाचले ना तुझे चाळीस टन?"

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. "कुठले वाचतायत! निवला की तो आखडायला बघणार, खांब आखडू देणार नाहीत. मग तीच ओढ बोल्टांवर, रात्रंदिवस! नाहीतर खांब वाकणार."

"हयात गेली माझी यात. सही कर, बाई."

तिने पेन उघडलं. हातोडी धरायला तिला याच माणसाने शिकवलं होतं. त्याला कमिटीपुढे तोंडघशी पाडायचं तिच्या जिवावर आलं होतं. आपण खरंच सही करू की काय, याचाच तिला जास्त संताप येत होता.

मामाने गॅस पेटवला, शिडीच्या दोन पायऱ्या चढला, थांबला, गॅस बंद करून खाली उतरला. बीमच्या बरोबर खाली मामीचं टेबल होतं; वाचनालय तीच सांभाळायची, आत्ता चहाला गेली होती. मामाने तिची खुर्ची खिडकीकडे सरकवली. मग टेबलही ओढायला लागला.

"हे काय?"

"ठिणग्या उडतील."

"मग काम झाल्यावर परत आणायचं ना?"

मामा टेबलाची कड पुसत राहिला. "खिडकीपाशी तिला उजेड बरा पडेल."

"मामा, मी सही करते," भाची म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "पण टेबल जागेवर ठेवा आणि मामीला रोज तिथेच बसवा. आहे कबूल?"

मामाने मान वर करून बीमकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. त्याने टेबल पुन्हा जागेवर ओढलं, खुर्ची आणून ठेवली.

"पट्टी केवढी म्हणालीस?"

"फट मोजा."

त्याने खिशातून टेप काढला, टोकावरून अंगठा फिरवला आणि टेप परत खिशात घातला.

"तुझा दे," तो गुरकावला.