उद्धवरावांची नाली

मी नाली बोलतेय. मोशीतल्या एका सोसायटीत स्विमिंग पूल आणि हिरवळीच्या मधोमध पुरलेली, वर लोखंडी जाळी असलेली. पोहणाऱ्यांनी उडवलेलं आणि आभाळातून पडलेलं पाणी गिळायचं आणि ओढ्याकडे धाडायचं, एवढंच माझं काम. तुंबल्याशिवाय मी कुणाच्या नजरेला पडत नाही.

उद्धवरावांना मात्र मी रोज दिसायचे. ते हिंगोलीकडचे. चाकणच्या कंपनीतलं कंत्राट सुटलं, तेव्हा इथे पूल सांभाळायला लागले. सकाळी सहाला जाळ्या उचलून कोपरापर्यंत हात घालायचे, पानं, केस, कुरकुऱ्यांच्या पिशव्या काढायचे. इतक्या निगुतीनं मला कुणीच जपलं नव्हतं.

यंदाच्या गणपतीत मांडव पूलच्या काठीच घातला. अध्यक्ष सदाशिवरावांनी माझ्यावर रबरी बुडाचा हिरवा गालिचा अंथरायला सांगितला.

"सायेब, जाळी झाकू नका. पानी जाईल कुटून?" उद्धवराव म्हणाले.

"अहो, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. फोटोत गटार दिसतं."

गटार म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. उद्धवरावांचं ऐकलं नाही, याचं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला. गालिच्याखाली मी कोरडी ठणठणीत, आणि वरचं पाणी पायऱ्यांवरून थेट पंपाच्या तळघरात. मोटर बंद करायला उद्धवराव खाली धावले. तिथे त्यांना विजेचा झटका बसला आणि ते जागीच गेले.

पोलीस यायच्या आधी सदाशिवरावांनी गालिचा गुंडाळून गच्चीवर पाठवला. पाऊस थांबला नव्हता. हिरवळीवरचा सगळा चिखल उघड्या जाळीतून माझ्यात शिरला. पंचांनी पाहिलं तेव्हा मी काठोकाठ भरलेली होते. 'नाली गाळाने तुंबलेली, सफाईत हलगर्जी' असं लिहिलं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

काल उद्धवरावांच्या पत्नी, सुभद्राबाई, त्यांचे कपडे न्यायला आल्या.

"वाईट मलाही वाटतं," सदाशिवराव म्हणाले, "पण नाली साफ ठेवली असती, तर ही वेळ आली नसती."

सुभद्राबाईंनी वाकून जाळीतून आत पाहिलं.

"दोन दिस अंग दुखत व्हतं त्यायचं," त्या हळूच म्हणाल्या. "साफ करायचं राह्यलं असंल."

मग पदर खोचून खाली बसल्या, जाळी उचलली आणि तो चिखल हातानं उपसू लागल्या. सदाशिवराव मोबाइल बघत उभे होते.

मला ओरडता येत नाही. तुम्हाला बोलता येतं. त्या बाईला कुणीतरी सांगा हो, तिच्या नवऱ्याचं काम राहिलेलं नव्हतं.