छपरीपर्यंतचं अंतर

मोजण्याला काही सुमार असतो. सुनेने तो सोडला होता. परवापासून ती टेप घेऊन सुरुंगाच्या दारूच्या कोठाराभोवती घिरट्या घालत होती. एक टोक कोठाराच्या भिंतीला, दुसरं कधी झुडपात, कधी रस्त्यावर. हाक मारली की "काही नाही, आई," म्हणायची आणि टेप पाठीमागे लपवायची, जसं काही चोरून आणलेलं मांजराचं पिल्लू.

मोठ्या बाई छपरीत खाटेवर बसून हे सगळं बघत होत्या. नवऱ्यामागे दगडाची खाण त्यांनीच चालवली होती. आता पाय साथ देईनात, म्हणून खाणीच्या काठावर ही छपरी बांधून घेतली होती. चार खांब, वर पत्रा, खाली खाट. इथून कोण राबतंय आणि कोण नुसता फावड्याला टेकलाय, सगळं दिसायचं. अक्षरओळख जेमतेम, पण नजर शाबूत. सुनेला मात्र वाचायचा भारी सोस. सुरुंगाच्या दारूचे सरकारी नियम जितक्या वेळा बदलत, तितक्या वेळा ती ते मुळापासून वाची. बाकीचं घर नियम म्हटलं की जांभया देई.

उद्या तपासणीचे साहेब कोठाराचा परवाना बघायला येणार होते. परवाना गेला तर सुरुंग नाही, आणि सुरुंग नसला तर खाण म्हणजे नुसता खड्डा. हे बाईंना कोणी सांगायला नको होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की कोठार जागचं हललेलं नसताना ही बया मोजतेय काय.

त्यांनी म्हाताऱ्या सुरुंगवाल्याला छपरीत बोलावून घेतलं. "तुला माहीत असणार."

"मला काही माहीत नाही, बाई."

"मग मान का खाली?"

"लचकलीय."

"बरोबर आजच लचकली."

बाईंना राहवेना. दुपारी त्यांनी डोळे मिटले आणि घोरायला लागल्या. घोरणं त्यांना हुकमी जमायचं. थोड्या वेळाने खाटेच्या पायाशी खुडबूड झाली, तशी त्यांनी डोळे न उघडताच टेपचं टोक धरलं.

"माझं माप घेतेस होय? अजून वेळ आहे त्याला."

सून खाली बसली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "आई, कोठारापासून माणसांच्या जागेपर्यंत ठरावीक अंतर सोडावं लागतं. आधी राहती घरंच धरायचे. आता नवा नियम आलाय, माणसं रोज बसतात अशी छपराची जागाही धरतात. छपरी त्या अंतराच्या रिंगणात येते."

"आणि तू पुन्हापुन्हा मोजतेस, म्हणजे अंतर वाढणार आहे का?"

"काल टेप ताणून धरली होती. आज जरा सैल सोडून बघत होते."

बाईंनी हसू गिळलं. "छपराशी काय वाकडं आहे सरकारचं?"

"कोठार उडालं तर हवेचा लोट येतो. उघड्यावरचा माणूस निदान फेकला जातो. छपराखालच्याच्या डोक्यात छप्परच येतं."

"आणि हे अंतर ठरवलं कोणी? कुणाच्या मनाला आलं म्हणून?"

"नाही. आत माल किती, त्यावर ठरतं. माल जास्त असला की रिंगण मोठं, कमी असला की लहान."

हे बाईंना नवीन होतं. त्या कोठाराकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं ती एक मुकी दगडी खोली होती. आता तिला न दिसणारं अंग फुटलं होतं, पार खाटेपर्यंत आलेलं.

"म्हणजे भरलं की पोट सुटतं आणि रिकामं झालं की आत जातं," त्या म्हणाल्या. "आपल्या घरातल्या पुरुषांसारखं. मग अडलंय कुठे?"

सून टेपशी चाळा करत राहिली. "मी साहेबांना सांगणार आहे, परवान्यात माल निम्मा करा. मग छपरी बाहेर पडते. मालाची गाडी दुप्पट वेळा बोलवावी लागेल, मधे सुरुंग थांबेल, पण..."

"पण म्हातारीची खाट हलणार नाही. तुझ्या नवऱ्याचं काय म्हणणं?"

"ते म्हणाले, आईला तूच सांग."

"शूर आहे. मग सांगितलं का नाहीस?"

"धीर झाला नाही."

बाईंनी ट्रक तोलायच्या काट्याकडे पाहिलं. रिंगणाबाहेर बसण्याजोगी सावली होती ती फक्त वजनकाट्यामागे. तिथून काय दिसतं हे त्यांना पाठ होतं. रस्ता, धूळ आणि ट्रकांची मागची फळी. खाली खाणीत कोणीतरी घण मारत होतं, आणि घण नीट पडत नव्हता, हेही त्यांना इथूनच दिसत होतं.

"अरे, लचकल्या मानेच्या," त्यांनी सुरुंगवाल्याला हाक मारली, "पत्रा उतरव. आणि खाट काट्यामागे ने."

सुरुंगवाल्याने सुनेकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतोस? अजून मीच बोलतेय."

ऊन उतरेपर्यंत छपरीचे नुसते खांब उरले. बाई काट्यामागच्या खाटेवर टेकल्या. खाण दिसत नव्हती, ऐकू येत होती. सून चहा घेऊन आली आणि खाली मान घालून उभी राहिली. बाईंनी घोट घेतला, कप बाजूला ठेवला.

"माप चोख आहे तुझं, तोंड मात्र नेभळट. एका खाटेपायी खाण निम्मी उपाशी ठेवायला निघालीस, आणि ती माया नव्हे गं, नुसती भीती. उद्या साहेबापुढे तू उभी राहायचंस, तुझ्या नवऱ्याने नाही. माप आहे तसंच ठेव. तुझ्या तोंडाला धार मी लावते."