काळ्या जोडीतला दुसरा

बग्गीवाल्याच्या तबेल्यात एकाच आठवड्यात दोन शिंगरं जन्मली. एक काळं कुळकुळीत, दुसरं राखेच्या रंगाचं. समारंभांना लोक त्याची बग्गी मागत ते काळ्या जोडीसाठी, आणि जोडीतला एक घोडा नुकताच गेला होता. त्याला विचार करावा लागला नाही. काळं ठेवलं, राखी रंगाचं, दूध तुटताच, समोरच्या गल्लीतल्या दूधवाल्याला देऊन टाकलं.

"असलं मळकं जनावर बग्गीला शोभत नाही," तो चारचौघांत म्हणाला. "तुझ्या गाडीला चालेल. दुधाचे कॅन काही नाकं मुरडत नाहीत."

दूधवाला हसला नाही, पण शिंगरू घेऊन गेला.

बग्गीवाल्याच्या धाकट्या मुलीला तेव्हा शहरात, तिथे नोकरी करणाऱ्या थोरल्या बहिणीकडे राहून नर्सिंग शिकायचं होतं. बाप म्हणाला, "हे शिंगरू तुझ्याच हाताला लागलंय, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही. जोडीत उभं राहिलं की तू मोकळी. शब्द माझा." म्हणजे तीन वर्षं. तिने बोटं मोजली. प्रवेशाला वयाची अट होती. त्या अटीत तिसरं वर्ष शेवटचं होतं.

त्याच महिन्यात नालबंद खूर तासायला आला. त्याने शिंगराचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि शीळ घातली.

"याला चष्मा लागलाय की, ताई!"

डोळ्यांभोवती पांढऱ्या केसांची बारीक कडी होती.

"म्हणजे?"

"म्हणजे हा पांढरा होणार. आधी तोंड, मग मान, मग सगळाच. जन्मतः इतका काळा असला की मला धाकधूकच होते. अस्सल काळा बहुतेक वेळा राखेसारखा जन्मतो, केस झडले की उजळतो. तुझ्या वडिलांना सांगू?"

"नको," ती इतक्या घाईने म्हणाली, की नालबंदाने मान खाली घालून दुसरा खूर हातात घेतला.

हा गेला तर दुसरं शिंगरू येणार, पुन्हा तीन वर्षं. तिने औषधांच्या दुकानातून केसांचा कलप आणला.

आधी फक्त डोळ्यांभोवती, जुन्या दातांच्या ब्रशने. वर्षभरात पुडी एका तोंडाला पुरेना. पुढे मान आली, मग खांदे. घोड्याला ब्रशची इतकी सवय झाली, की ती वाटी घेऊन आली की तो आपणहून डोळे मिटायचा. पंधराव्या दिवशी मुळं पांढरी दिसायला लागत. ताईच्या लग्नालाही ती एकच दिवस जाऊन परत आली.

"एवढा कलप?" दुकानदार म्हणायचा. "घरात कोण एवढं म्हातारं झालंय?"

"मीच," ती म्हणायची.

एकदा पुड्या संपल्या असं वाटून ती तबेल्यातल्या फळीशी गेली, तर तिथे दोन निघाल्या. आपलीच मोजण्यात चूक झाली, असं तिने धरलं.

तिसऱ्या वर्षी दूधवाल्याचा घोडा गाडीला लागला. सकाळी कॅन खणखणत गल्लीतून जायचा. आता काळाभोर, अंगावर एक पांढरा केस नाही. उन्हात नुसता चकाकायचा. बाप ओट्यावर दाढी करत असायचा. गाडी आली की तो आरशात पाहत राहायचा, गाडी वळली की मान वर करायचा.

प्रवेशाचं पत्र आलं. त्याच आठवड्यात शिंगराला पहिल्यांदा जोडीत जुंपलं, आणि ते शहाण्यासारखं चाललं. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी बाप तबेल्यात आला.

"जोडी लागली. जा तू."

"आप्पा..."

"फक्त दर पंधरा दिवसांनी येऊन जा," खरारा खुंटीला अडकवत तो म्हणाला. "मुळं दिसायच्या आत."

घोडा चारा चघळत होता. तिने स्वतःच्या नखांकडे पाहिलं. तीन वर्षं ती काळी होती. एवढी काळी नखं काय खराऱ्याने होतात?

"फळीवरच्या त्या पुड्या..."

"मध्येच संपल्या असत्या तर?"

"तुम्हाला ठाऊक होतं, तर दूधवाल्याशी अदलाबदल का नाही केलीत?"

"त्याला मी चारचौघांत काय बोललो ते विसरलीस? आता त्याच्या दारात जाऊन हात पसरू?"

"पंधरा दिवसांनी सुट्टी नसते, आप्पा. सहा महिन्यांनी असते."

"मग राहू दे," तो शांतपणे म्हणाला. "इथून कुणी तुला हाकलतंय का?"

घोड्याचा पट्टा सैल करावा तितक्या सहज तो हे बोलला आणि जेवायला गेला. घोड्याने वाटी नसतानाही तिला पाहून डोळे मिटले.

सकाळी ऊन गल्लीत उतरल्यावर तिने घोड्याच्या तोंडाला दोरीची मोरखी घातली आणि भर रस्त्यातून दूधवाल्याच्या दारात नेलं. पंधरवडा पुरा झाला होता. उन्हात मानेवरची मुळं मीठ भुरभुरल्यासारखी दिसत होती. दुधाच्या रांगेतल्या बायका भांडी हातात धरून थांबल्या.

"दादा, हा काळा नाही," ती म्हणाली. तीन वर्षांत हे वाक्य ती पहिल्यांदाच उच्चारत होती. "दोन वर्षांत पांढरा होईल. गाडीला गुणी आहे. तुमचा काळा आमच्या आप्पांना हवाय."

दूधवाल्याने घोड्याच्या कपाळावर अंगठा घासला, अंगठा पाहिला.

"रंगाचं मला काय करायचंय? देईन की. पण आप्पांना हवाय, तर आप्पा मागू देत."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाप गल्लीच्या तोंडाशी उभा होता, अर्ध्या गालावर साबण. पुढे येत नव्हता, मागेही जात नव्हता.

"धाकटे," तो ओरडला, "आण त्याला इकडे!"

तिने मोरखीची दोरी दूधवाल्याच्या खुंटाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि बापाच्या शेजारून बॅग भरायला घरी गेली.