दहा माशांची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे, पण शोभेची नव्हे. दिवाणखान्यातल्या टाकीत मासे जगावेत म्हणून ठेवतात. माझ्यात ते किती मरतात हे मोजायला सोडत. ऐकायला वाईट वाटेल, पण खरे तेच सांगते.

एका कारागिराने पाच काचा चिकटवून मला बनवले. काठोकाठ भरून दिवसभर वर्तमानपत्रावर ठेवले आणि खालचा कागद कोरडा राहिला तेव्हाच तो म्हणाला, “ठणठणीत आहे!”

प्रयोगशाळेत आम्ही सहा जणी एका मांडणीवर होतो. आमच्या पाण्यात एखादे रसायन कमीजास्त प्रमाणात मिसळत, प्रत्येकीत बोटभर लांबीचे दहा मासे सोडत आणि चार दिवस पाहत. एकीत तुलनेसाठी नुसतेच पाणी असे. किती प्रमाणाला निम्मे मासे मरतात, यावरून ते रसायन नदीतळ्यांना किती घातक आहे ते ठरे.

हे काम एक बाई करत. आडव्या पडलेल्या माशाच्या शेपटीला त्या काचेची कांडी हळूच लावत. तो हलला नाही की वहीत फुली मारत. प्रयोगशाळेचे साहेब म्हणत, “बाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

एका उन्हाळ्यात गावाच्या तळ्यात शेवाळ माजले. पिण्याच्या पाण्याला वास येऊ लागला आणि लोक चिडले. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरांनी शेवाळ मारायला तळ्यात मोरचुदाचे निळे खडे विरघळवून फवारायचे ठरवले. मासे वाचतील एवढे प्रमाण सांगा, असा निरोप आमच्याकडे आला. बाईंनी नळाच्या पाण्यात चाचणी घेतली. इंजिनिअरांना हव्या त्या प्रमाणाला माझ्यातले दहाही मासे जगले.

बाईंच्या अहवालात शेवटी एक ओळ होती: तळ्याच्या पाण्यात पुन्हा तपासावे.

“ही ओळ कशाला?” साहेबांनी विचारले.

“आपलं नळाचं पाणी जड आहे, साहेब. त्यातल्या क्षारांमुळे मोरचुदाचा जोर कमी पडतो. तळ्याचं पाणी हलकं आहे, त्यात क्षार कमी. तिथे एवढाच डोस मासे मारेल.”

“म्हणजे अजून आठवडा? लोक दारात येऊन बसलेत, बाई. खोडा ती.”

बाईंनी पेन उचललं. मग त्यांनी ओळ खोडली आणि सही केली.

पण त्यांना चैन पडेना. तीन दिवसांनी त्या स्वतःच तळ्याचे पाणी डब्यांत भरून घेऊन आल्या. शेजारच्या टाकीत ते तसेच ओतले, माझ्यात त्याच पाण्यात मोरचुदाचे ठरलेले द्रावण मिसळले आणि दोघींत दहा-दहा मासे सोडले. दुपारपर्यंत माझ्यातले मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ मेलेले होते. शेजारी दहाही पोहत होते.

बाई साहेबांच्या खोलीकडे धावल्या. “साहेब, फवारणी थांबवा!”

“पहाटेच उरकली,” साहेब म्हणाले.

दोन दिवसांनी बाईंचा धाकटा भाऊ आला. तो त्याच तळ्यावर मासेमारी करून घर चालवत असे. त्याने मेलेल्या माशांची बादली माझ्यासमोर ठेवली.

“ताई, सगळा काठ पांढरा झालाय. त्या कागदावर तुझी सही आहे म्हणे?”

“आहे.”

“तुला ठाऊक नव्हतं?”

बाईंनी मान खाली घातली. “होतं.”

तो बादली तिथेच टाकून निघून गेला. नंतर तो कधीच आला नाही.

चौकशी झाली, तेव्हा बाईंनी ती ओळ जशीच्या तशी लिहून दिली. “खोडायला साहेबांनी सांगितलं, पण हात माझा होता,” एवढेच त्या म्हणाल्या. साहेबांची बदली झाली, बाईंची नोकरी गेली. जिथे रसायन टाकायचे तिथलेच पाणी तपासायचे, असा नियम झाला. तळ्याला मात्र त्याचा काय उपयोग?

पुढे माझ्या एका काचेला तडा गेला. आता मी अडगळीच्या खोलीत आहे. माझ्यात जुन्या फायली कोंबल्या आहेत.

मित्रांनो, आमच्यात हजारो मासे मेले ते बाहेरचे जगावेत म्हणून. त्यांचे मरण तरी वाया घालवू नका. पाण्यात काहीही ओतण्याआधी त्यात कोण राहते ते पाहा. माशांना ओरडता येत नाही. ज्याला कळते, त्याने वेळेवर बोलायला हवे.