मामांचा फोटो चांगला येईपर्यंत

२३ जानेवारी, मंगळवार. ऊन कोवळं, वारा मात्र चावरा. दुकानाची पाटी सकाळपासून खडखडत होती.

मी फोटो स्टुडिओतलं गोल, फिरतं स्टूल बोलतोय. सध्या मला गरगरतंय. बोलताना तोल गेला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म लोखंडी सामानाच्या कारखान्यात झाला. माझ्या पोटातल्या स्क्रूला आटे पाडणाऱ्या कारागिराला नेमकी तेव्हाच शिंक आली आणि वरच्या टोकाचे आटे वाकडे पडले. मला फिरवत फिरवत अगदी वर नेलं, की मी तिथेच अडकतो. मग खाली यायचं नाव नाही. या खोडीपायी पेटीच्या मास्तरांनी मला काढून टाकलं, न्हाव्याने काढून टाकलं. शेवटी भंगारवाल्याकडून फोटोवाल्यांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्या वहिनींनी, कपाळावर हात मारला. "अहो, डुगडुगतंय ते!"

"अगं, म्हणून तर घेतलं. गिऱ्हाईक हसेल तरी!"

फोटोवाल्यांची पद्धतच तशी आहे. माणूस बसला, की ते त्याला एक गिरकी देतात आणि गिरकीतच विचारतात, "मग, निघालात कुठे?" चक्कर आलेल्या माणसाला फोटोसाठी तोंड करायचं सुचत नाही. तो खराखुरा हसतो, खरं बोलतो आणि तेवढ्यात क्लिक! दुसरा नियम असा, की ज्याचा चेहरा, त्याच्याच हातात फोटो. एकदा एका नवऱ्यामुलाचे फोटो त्याच्या मित्राकडे दिले होते. मित्राने मुलीकडच्यांना पाठवताना त्यांत स्वतःचेच घातले. तेव्हापासून हा नियम.

इतकी वर्षं माणसं अंगावर बसवून मला एक कळलंय. खुशीत असलेला माणूस सैल बसतो, घाईतला तिरका बसतो आणि घाबरलेला अगदी कडेवर.

मंगळवारी आलेली मुलगी कडेवर बसली.

बरोबर एक गृहस्थ होते. काळेभोर रंगवलेले केस, मध्ये टक्कल, त्यावर बाजूचे केस ओढून चिकटवलेले. "हिचे फोटो हवेत. मी मामा हिचा."

"नाव काय बाळ तुझं?" वहिनींनी विचारलं. नाव मामांनी सांगितलं.

"वय?"

"एकोणीस," मामाच म्हणाले.

फोटोवाल्यांनी नेहमीप्रमाणे गिरकी दिली. "मग, निघालीस कुठे?"

मी पण जीव तोडून फिरलो. मुलीची वेणी उडाली, ती खुदकन हसली आणि हसताहसता बोलून गेली, "मला कुठे माहीत! मामांनाच माहीत!"

क्लिक झालं. मामांचा चेहरा उतरला. वहिनींनी फोटोवाल्यांकडे पाहिलं आणि आत प्रिंटरपाशी बोलावलं. तो माझ्या मागेच आहे, म्हणून मला ऐकू आलं.

"मी त्याची कॉलरच धरतो," फोटोवाले फुसफुसले.

"कॉलर धराल तर पोरीला घेऊन पळेल तो. आपल्याला अजून काहीच नक्की माहीत नाही. तुम्ही त्याचा फोटो काढा."

"त्याला कशाला हवाय फोटो?"

"त्या केसांकडे बघा की."

फोटोवाले हात चोळत बाहेर आले. "साहेब, प्रिंटला जरा वेळ आहे. तोवर तुमचा एक फुकट काढतो. काय चेहरा आहे!"

"छे, छे," म्हणत मामा माझ्यावर बसलेसुद्धा! "डावीकडून घ्या. ती बाजू बरी आहे."

वहिनी मुलीला म्हणाल्या, "ये गं, वेणी सुटलीये तुझी. दुसरा एक काढू." आणि तिला पडद्याआडच्या आरशापाशी नेलं. माझं लक्ष दोन्हीकडे.

"मामा सख्खे का?"

"नाही. बसथांब्यावर ओळख झाली. आईच्या गावचे आहेत म्हणतात. हॉटेलात काम देणार आहेत."

"कुठल्या हॉटेलात? तुझी कागदपत्रं कुठायत?"

"त्यांच्याकडेच. फोन पण." आवाज बारीक झाला. "आईला पोचल्यावर सांगायचं म्हणाले."

"नंबर पाठ आहे आईचा? तू म्हणशील तरच लावते."

मुलीने एकेक आकडा सांगितला. मग, "लावा."

इकडे मामा फोटो बघून म्हणाले, "टक्कल दिसतंय हो!"

"दिव्याचा दोष. थोडे वर होऊ या." एक गिरकी. क्लिक.

"आता नाक मोठं आलं!"

"आणखी थोडे वर." दोन गिरक्या. देवा, काय मजा येत होती!

आईला फोन लागताच पडद्याआडून वहिनींनी हाक दिली, "अहो, साहेबांचं गाव कुठलं म्हणे?"

"नदीकाठचं आहे," मामा हनुवटी सावरत म्हणाले. "लहानपणी तिथेच डुंबलो."

वहिनींच्या कानाशी धरलेल्या फोनमधून मुलीच्या आईचा आवाज फुटला. "नदी? अहो, आमच्या गावात डुंबायला बादलीसुद्धा नव्हती! माझ्या पोरीला सोडू नका, मी निघालेच!"

वहिनींनी तो फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला. पोलिसांच्या मदतीचा नंबर त्यांच्या फोनमध्ये आधीपासूनच होता. नाव, पत्ता, माणसाचं वर्णन, सगळं हळू आवाजात. मुलीचा हात त्यांच्या हातात होता.

"झाली की नाही वेणी?" मामा ओरडले.

"गुंता आहे हो फार!"

"साहेब, हलू नका, हाच बघा तो अँगल!" फोटोवाल्यांनी मला शेवटची गिरकी दिली आणि कट्ट! मी वर अडकलो. मामांचे पाय हवेत लोंबकळू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या कारागिराच्या शिंकेचा अभिमान वाटला.

"खाली घ्या मला!"

"घेतो, घेतो. उडी मारू नका, डुगडुगतंय ते."

तेवढ्यात साध्या कपड्यांतल्या एक बाई आणि एक दादा आत आले. बाईंनी पोलिसांचं ओळखपत्र दाखवलं. "साहेब, खाली या."

"आलो असतो हो," मामा रडवेले झाले, "हे फिरतच नाही!"

वाचकहो, तुमच्याकडे माझ्यासारखं वाकड्या आट्यांचं स्टूल नसेल. हरकत नाही. समोरच्या पोरीला विचारलेल्याचं उत्तर दुसराच कुणी देत असेल, तर तिच्याशी एकटीशी बोलायचं निमित्त काढा. कुठे, कुणाबरोबर, कागद कुणाकडे, घरी माहीत आहे का, एवढंच विचारा. मारामारी करू नका, फोन करा. आणि मदतीचा नंबर, पोलिसांचा ११२ आणि मुलांसाठीचा १०९८, आजच लिहून ठेवा. ऐन वेळी शोधायला गेलात, तर तोवर इकडे मामांच्या फोटोला कोण पुरणार?

मुलगी सोळा वर्षांची निघाली. संध्याकाळी ती आईबरोबर घरी गेली. कागदपत्रं आणि फोटो तिच्याच हातात दिले. मामांच्या खोलीवर आणखी दोन मुली सापडल्या. त्यांचे आईवडील गुरुवारी येऊन त्यांना घेऊन गेले. मामा कोठडीत आहेत. त्यांच्या आठ फोटोंपैकी एक पोलिसांनी नेला. उरलेले सात दुकानात आहेत, घ्यायला ते स्वतः आलेले नाहीत.