ऑलिव्हरचा दम

लुमिर कौबाने बायकोचा व्हॅक्यूम क्लीनर पळवला त्या दिवसापासून आमच्या नोव्हा लूका गावात लोक त्याला इंजिनियर म्हणू लागले. त्याआधी त्याला नुसतं लुमिर म्हणत, आणि तेही काम असेल तरच.

पळवला म्हणजे घरातून शेडमध्ये नेला. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं हेड, म्हणजे हवा जिथून आत शिरते तो वरचा लोखंडी ठोकळा, उतरवून त्याने एका लाकडी खोक्यावर बसवलं, खालून व्हॅक्यूमची नळी जोडली आणि शेजारी एका वाकड्या काचनळीत लाल पाणी भरलं. व्हॅक्यूम सुरू केला की हेडच्या भोकांतून हवा खेचली जायची आणि पाणी वर चढायचं. पाणी जितकं वर, तितकी हवा जास्त. मग ग्राइंडर घेऊन तो ती भोकं आतून घासायचा आणि पुन्हा पाणी बघायचा.

"माझ्या गालिच्यावर दोन कुत्र्यांचे केस साचलेत," त्याची बायको व्लास्ता मला म्हणाली, "आणि ह्याचं हेड बघा, आत जाऊन जेवून यावं इतकं लख्ख."

आमच्या नेब्रास्काच्या ह्या कोपऱ्यात हिवाळा आगंतुक पाहुण्यासारखा येतो आणि एप्रिलपर्यंत उठायचं नाव घेत नाही. तेव्हा माणसं पत्ते खेळतात, पितात, किंवा जुन्या ट्रॅक्टरांत डोकं घालतात. ऑगस्टात काउंटीची जत्रा भरते आणि जत्रेत ट्रॅक्टरांची ओढ होते. ट्रॅक्टरमागे एक वजनाची गाडी जोडतात. जसजसं अंतर कापाल तसतसं तिच्यावरचं वजन पुढे सरकतं आणि तिचं लोखंडी तोंड मातीत रुतत जातं. शेवटच्या झेंड्यापर्यंत जो नेईल त्याची पूर्ण ओढ. पुराण्या ट्रॅक्टरांच्या गटात नियम दोनच. वेग झपझप चालणाऱ्या माणसाइतका, त्याहून जास्त झाला की बाद. आणि बाहेरून सगळं मूळचंच दिसलं पाहिजे. आत काय केलंय ते देव जाणे आणि घासणारा जाणे.

त्या दिवशी माइक माझ्याकडे असतो. मला गप्प बसवू शकणारी मंडळी एकेक करून वारली, म्हणून.

कौबांचा ट्रॅक्टर ऑलिव्हर कंपनीचा, बापाने एकोणपन्नास साली नवा घेतलेला. हिरवा, सहा सिलिंडरचा. लुमिरने तो दुरुस्त करायचा आणि थोरल्या भावाने, ओटाने चालवायचा, ही वाटणी बापानेच करून दिली होती. ओटाने लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, कधी काही मागितलं नाही. त्याला फक्त एकदा पूर्ण ओढ करायची होती. तरुणपणी तो शेवटच्या झेंड्याच्या इतका जवळ गेला होता की म्हणे झेंड्याला लागलेला डाग त्याला दिसला.

मग त्याच्या छातीत बुरशी शिरली. जन्मभर बुरसटलेलं गवत उपसलं, धान्याच्या कोठारात उतरून धूळ खाल्ली, त्याचं हे व्याज. नाकात नळी आली, चाकांवरची ऑक्सिजनची बाटली आली. ज्या हिवाळ्यात बाटली घरात आली, त्याच हिवाळ्यात लुमिरच्या डोक्यात आलं की ऑलिव्हरला हवा कमी पडते.

 

मी अधूनमधून शेडमध्ये जाऊन बसायचो. लुमिर घासायचा आणि ओटा शेगडीजवळ खुर्चीत. ऑक्सिजनजवळ ठिणग्या आणू नयेत असं बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. म्हणून ओटाने बाटली फिरवून अक्षरं भिंतीकडे केली होती.

"किती?" ओटा विचारायचा.

"बोटभर चढलं."

"म्हणजे हा आता माझ्याहून बरा श्वास घेतो."

"तुझ्याहून आपली लंगडी कोंबडीसुद्धा बरा घेते."

"तिला अंडी घालायची असतात. मला कसली घाई?"

ओटा हसायचा, हसण्याचा खोकला व्हायचा, खोकला संपायचा नाही. लुमिर मान खाली घालून ग्राइंडर सुरू करायचा.

पहिल्या हिवाळ्यानंतरच्या जत्रेत ऑलिव्हर आदल्या वर्षीपेक्षा अलीकडेच थांबला. माती ओली होती. पुढल्या वर्षी आणखी अलीकडे. टायर जुने झाले होते. त्याच्या पुढल्या वर्षी पंचाचा मेहुणा स्पर्धेत होता. आमच्या मातीत मका एखाद्या साली बुडतो, कारणं कधी बुडत नाहीत. आणि प्रत्येक हिवाळ्यात लाल पाणी मात्र वर चढतच होतं. त्यात खोट नव्हती, मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून दर वेळी निष्कर्ष एकच निघायचा, की हवा अजून कमी पडतेय.

यंदा वसंतात डॉक्टरांनी ओटाला सांगितलं, ऑगस्टपर्यंत जा, पुढच्या ऑगस्टचं काही ठरवू नका. लुमिरने हे ऐकलं आणि घरी येऊन हेड पुन्हा उतरवलं.

जत्रेच्या दिवशी ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढतो तो चालकासकट. गटाला एक ठरलेलं वजन असतं. कमी भरलं तर पुढच्या बाजूला लोखंडी पाट्या टांगून भरून काढायचं. काट्यावर स्टॅन्ली माख होता.

"कौबा, यंदाही कमी भरतोय रे. दोन पाट्या लाव."

"गेल्या वर्षी एकच लावली होती," लुमिर म्हणाला.

"ट्रॅक्टर तेवढाच आहे," स्टॅन्ली म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून वजनाच्या आकड्याकडे बघत राहिला.

ओटाच म्हणाला, "दर वर्षी माझा एकेक तुकडा काढून पुढे टांगतोय हा. पुढच्या वर्षी मी अख्खा पुढे असेन. सीटवर दुसरा कोणी बसवा."

फक्त तोच हसला.

बाटली घेऊन मैदानात जायला समितीची मनाई होती. ओटाने नाकातली नळी काढून लुमिरच्या हातात दिली, मूल शाळेच्या दारात डबा देतं तशी. मी माइकवर म्हणालो, "आता येतोय एकोणपन्नास सालचा ऑलिव्हर. चालक त्याहून थोडा जुना. दोघांचेही सगळे भाग मूळचेच आहेत!" लोक हसले. ऑलिव्हर सुरू झाला आणि काय सांगू, इतका मोकळा, इतका गोल आवाज त्या इंजिनाने आयुष्यात केला नव्हता. लुमिर कुंपणाला टेकून बाटली छातीशी धरून उभा होता. त्याचा चेहरा तेव्हा बघितला असता तर तुम्हीही विश्वास ठेवला असता.

सुरुवात झकास झाली. मग वजन पुढे सरकलं, गाडीने माती धरली, इंजिन मंदावलं. जुनं इंजिन अशा वेळी कण्हतं, दात-ओठ खातं आणि ओढत राहतं. ऑलिव्हरने तसं काहीच केलं नाही. त्याने एक उसासा टाकला, आणि बंद पडला. अर्धं मैदानसुद्धा झालं नव्हतं.

आकडा सांगणं माझं काम आहे. मी सांगितला. टाळ्या पडल्या, खूप जोरात. आमच्याकडे टाळ्या किती जोरात पडतात त्यावरून हार किती वाईट ते कळतं.

ओटा स्टिअरिंग धरून तसाच बसला होता, तोंड उघडं, खांदे वर-खाली होत. लुमिर बाटली ओढत धावला. दुसऱ्या ट्रॅक्टरने दोघांना ऑलिव्हरसकट ओढत बाहेर आणलं.

पुढचा गट सुरू व्हायला वेळ होता, मी बिअरचे तीन ग्लास घेऊन त्यांच्या ट्रेलरमागे गेलो. ओटाच्या नाकात नळी होती, ओठांना थोडा रंग आला होता. लुमिर त्याच्यासमोर उकिडवा बसलेला.

"कसा वाटला हाताला?" लुमिरने विचारलं. इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. त्याच्याकडे लाल पाणी होतं ना.

ओटाने बराच वेळ श्वास गोळा केला. "वर छान चालतो. खाली दम नाही. ओझं आलं की हात सोडतो."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा घासलंस तेव्हापासून."

लुमिर चांगला मिस्त्री आहे. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. व्हॅक्यूम क्लीनर सदा एकाच जोरात ओढतो. इंजिन ओझ्याखाली मंदावतं आणि हळू ओढतं. भोक अरुंद असेल तर तेवढ्यातही हवा सपकन घुसते आणि पेट्रोलला सोबत नेते. भोक ऐसपैस केलं की हवा रमतगमत येते, आणि नेमकी गरजेच्या क्षणी येत नाही. सरकारने आमच्या गावाबाहेरून चौपदरी रस्ता काढला तेव्हा मोजणाऱ्यांनी गाड्या मोजल्या, दुपटीहून जास्त भरल्या. गावातली खाणावळ त्याच वर्षी बंद पडली.

"बोलला का नाहीस?" लुमिर म्हणाला. "अरे गाढवा, तेव्हा नुसतं सांगितलं असतंस! काढलेलं लोखंड परत लावता येत नाही. आता कुठून आणू मी तसलं हेड? आणि आणलं तरी..." तो तिथेच थांबला.

"सांगितलं असतं तर तू घासणं बंद केलं असतंस."

"मग? करायलाच हवं होतं!"

"हिवाळाभर घरात काय असतं, लुमिर? मी खुर्चीत, आणि माझी छाती शिट्ट्या मारतेय. तुझं ते यंत्र चालू असलं की मला माझा श्वास ऐकू यायचा नाही." ओटाने ग्लासातली बिअर नुसती ओठांना लावली. "झेंडा काय, माझा एकदा बघून झालाय."

लुमिर उठला आणि ट्रेलरच्या पलीकडे गेला. बराच वेळ तो तिकडे काहीतरी बांधत होता. ट्रेलरवर बांधण्यासारखं अजून काहीच चढवलेलं नव्हतं. माइकवर माझ्या नावाने हाका सुरू झाल्या, आणि मी गेलो. विनोद सांगितले. लोक हसले.

मका कापून झाल्यावर व्लास्ताने मला खसखशीचे कोलाचे, आमच्याकडचे गोड पाव, न्यायला बोलावलं. फाटकापासूनच ग्राइंडरचा आवाज येत होता.

"चालू आहे?" मी विचारलं.

"दिवसभर," ती म्हणाली. "नवा व्हॅक्यूम घेतला मी. तो जुना आता त्याला लागत नाही. काही मोजतच नाही तो."

शेडमध्ये लुमिर त्याच हेडवर वाकलेला होता. त्या भोकांत आता माझी मूठ गेली असती. एका ठिकाणी भिंत आरपार गेली होती, आतली पाण्याची वाट उघडी पडली होती. ते हेड आता भंगारवालासुद्धा हळहळत घेईल. लुमिर त्या भगदाडाच्या कडेवरून ग्राइंडर फिरवत होता, सावकाश, कुठलीच कड सोडत नव्हता. ओटा खुर्चीत झोपलेला, मान एका बाजूला, तोंड उघडं. दोन महिन्यांत पाट्या टांगण्याइतका आणखी उतरला होता.

मी लुमिरच्या कानाशी ओरडलो, "अरे, हे गेलं आता! ठेव ते खाली!"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. ग्राइंडर लोखंडावरून न उचलता तो ओरडला, "बंद केलं की जागा होतो!"