धुतलेला डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. उजव्या पायाचा जो होता तो माझा जुळा भाऊ, आणि तो आता नाही. एकटी टोपी चालते, एकटी छत्रीसुद्धा चालते. पण एकटा बूट कोणाच्या कामाचा? तरीही मला काही सांगायचे आहे. माझी गोष्ट खरे तर माझी नाहीच. ज्याच्या पायात मी होतो, त्या माणसाची आहे.

माझा जन्म बुटांच्या कारखान्यात झाला. जाड चामडे, तळाला खोल खाचांचे रबर आणि बोटांवर आतून लोखंडी टोपण. ज्या बाईंनी आम्हाला शिवले त्यांनी आम्हा दोघा भावांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या आणि हसून म्हणाल्या, "जा रे, आता जोडीनं झिजा." आम्हाला तो आशीर्वादच वाटला.

दुकानातून आम्ही दादाच्या पायात आलो. दादा रेल्वेच्या यार्डात मालगाडीचे डबे जोडायचा. दोन डब्यांच्या मधल्या फटीत शिरायचे, जड लोखंडी आकडा उचलून समोरच्या कडीत अडकवायचा आणि चटकन बाहेर यायचे, असे ते काम. बाहेर झेंडा घेऊन एक जोडीदार उभा असतो. त्याने इशारा दिल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही. दादाचा जोडीदार होता लंबू. दादाहून तो वयाने लहान, उंचीने मात्र दीडपट. दोघे खडीवरून चालत निघाले की लोक म्हणत, "खांब आणि खुंटी निघाली!" लंबू हसे, दादा हसे, आणि आम्ही चार बूट एका ठेक्यात चालत राहायचो.

घरी दादाची मोठी बहीण होती. तिला सगळे ताईच म्हणत. ती लाँड्रीत कामाला होती. कसलाही डाग असो, चहाचा, शाईचा, गंजाचा, ताईच्या हातून सुटला नाही असे कधी झाले नाही. आम्ही तेलकट होऊन घरी आलो की ती नाक मुरडायची, आम्हाला उंबऱ्याबाहेरच काढायला लावायची आणि मग स्वतःच फडक्याने लख्ख पुसायची.

यार्डात एके ठिकाणी रुळांशेजारी तेलाचा पंप होता. त्यातून तेल गळून खडीवर पसरायचे. एकदा लंबूचाच पाय सटकला. दादाने मुकादमाला जाऊन सांगितले, "साहेब, पंप दुरुस्त करून घ्या, नाहीतर कोणीतरी जायबंदी होईल." मुकादम म्हणाला, "बघतो." पुढेही तो बघतोच म्हणत राहिला.

आणि मग ती दुपार आली. लंबूने झेंडा हलवला. दादा आत शिरला. डबे टेकताना जरा मागेपुढे होतात, तेवढ्यात माणसाने बाजूला व्हायचे असते. माझ्या भावाचा तळ तेलावर पडला आणि सरकला. दादा आडवा झाला. पुढचे मी सांगत नाही. मी दादाच्या डाव्या पायात होतो, शाबूत. भाऊ उजव्या पायात होता.

लंबूने दादाला दोन्ही हातांनी बाहेर ओढले. रुग्णवाहिका येईपर्यंत तो एकच वाक्य बोलत होता, "दादा, डोळे मिटू नका हं, डोळे मिटू नका." त्यानंतर त्याचा आवाज मी पुष्कळ काळ ऐकला नाही.

इस्पितळातून ताईच्या हाती एक पिशवी दिली गेली. तीत दादाचे कपडे, पट्टा आणि मी. ताई घरी आली, पिशवी उघडली आणि मला मांडीवर घेऊन रडली. मग उठली. तिला दुसरे काय सुचणार होते? तिने गरम पाणी घेतले, साबण घेतला, आणि माझ्या तळाच्या खाचाखाचांतून ते काळे तेल ब्रशने घासून काढले. इतका स्वच्छ मी दुकानातही नव्हतो. मला दाराजवळ ठेवून ती म्हणाली, "आता बरं दिसतंय."

तिकडे इस्पितळात ताई दादाजवळ बसली असताना मुकादम फळे घेऊन गेला. बरोबर एक कागदही होता. पुढे ताईने तो प्रसंग इतक्यांना सांगितला की मला तोंडपाठ झाला. मुकादम म्हणाला, "ताई, नुसती सही हवी. म्हणजे उपचाराचं लवकर मार्गी लागेल." ताईने वाचले. कागदावर लिहिले होते की इशारा मिळण्याआधीच दादा आत गेला आणि चूक त्याचीच होती.

"तो अजून गुंगीत आहे," ताई म्हणाली. "शुद्धीवर आला की स्वतः वाचेल."

"अहो, एवढं काय त्यात!"

"एवढं काही नसेल तर घाईही नसेल," असे म्हणून ताईने फळांची पिशवीही त्याच्या हातात परत दिली.

दादा कुबड्या घेऊन घरी आला. सुरुवातीला यार्डातले लोक येऊन गेले. खुर्चीच्या कडेवर बसत, छताकडे बघत आणि चहा निवण्याआधी उठत. दादाकडे जाऊ नका असे कचेरीतून सर्वांना बजावले गेले होते, हे नंतर कळले. हळूहळू तेही येईनासे झाले. दादा दिवसभर खिडकीशी बसे. ताई कामावर गेली की घरात तो आणि मी. त्याची नजर माझ्यावर पडली की तो मान फिरवी. मला फार वाटे की त्याने एकदा मला हातात घ्यावे. पण त्याला बघवत नसेल. मलाही माझ्या शेजारची रिकामी जागा बघवत नव्हती.

एक गोष्ट मात्र मलाच ठाऊक होती. दाराखालच्या फटीतून मला बाहेरचे बूट दिसत. कधी कधी संध्याकाळी एक ओळखीचा लांबलचक जोड दारापर्यंत येई, तिथेच थांबे, चुळबुळ करी आणि परत फिरे. लंबूचे बूट! मी आतून ओरडलो असतो, पण बुटाला जीभ असते ती नावापुरती.

ताई एका वकीलबाईंना भेटली आणि त्या स्वतः घरी आल्या. चष्मा कपाळावर ठेवून तो सगळीकडे शोधणाऱ्या, पण कामात चोख. त्या म्हणाल्या, "सही केली नाहीत हे फार छान केलंत. आता आणखी ऐका. डॉक्टरांचा एकही कागद टाकू नका. तपासण्या चुकवू नका. दाव्याला मुदत असते, म्हणून आपण लगेच अर्ज करू. आणि दादा, जे आठवतंय ते आत्ताच लिहून काढा, नंतर बारकावे पुसट होतात. त्या दिवशीचे कपडे, बूट कुठे आहेत?"

ताईने अभिमानाने मला पुढे केले. वकीलबाईंनी मला उलटे केले. बोट खाचेतून फिरवले. बोट कोरडे निघाले.

"धुतलात?"

"हो. किती घाण तेल होतं त्यात..."

बोलता बोलता ताई थांबली. तिच्या लक्षात आले, ते तेलच पुरावा होते. "मीच घालवलं का हो सगळं?"

"नाही, ताई. मायेनं केलंत. कोणीही हेच केलं असतं." वकीलबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पण आता दुसरी वाट शोधायला हवी."

त्या यार्डात जाऊन आल्या. पंप दुरुस्त झाला होता. तेवढ्याच जागेवर नवी कोरी खडी पसरली होती. त्यांनी तिचे फोटो काढले. "सगळं यार्ड जुन्या खडीचं, मग एवढाच तुकडा नवा का, हे विचारता येईल," त्या म्हणाल्या. "पण खरी भिस्त तुमच्या जोडीदारावर. त्यानं लिहून दिलंय की इशारा दिलाच नव्हता."

दादा म्हणाला, "त्याच्यावर जोर करू नका. त्याचीही नोकरी आहे, घरी लहान मुली आहेत."

"मी त्याला कोर्टात बोलावू शकते," वकीलबाई म्हणाल्या. "खरं बोलायला लावणं माझ्या हातात नाही."

त्यानंतर एका संध्याकाळी तो लांब जोड पुन्हा दारापाशी आला, आणि नेमकी तेव्हाच ताईने केर काढायला दार उघडले. लंबू चोरासारखा उभा. आतून दादानेच हाक दिली, "कोण आहे?"

"मी आहे, दादा."

"मग आत ये की. उभा का?"

लंबू आत आला. त्याने दादाच्या पायाकडे पाहिले आणि तोंड झाकून घेतले. दादा त्याला कोर्टाचे काहीच बोलला नाही. "मुली कशा आहेत?" एवढेच विचारले. लंबूने चहाही घेतला नाही.

कोर्टात रेल्वेचे वकील म्हणाले की दादाचे बूट झिजलेले होते, म्हणून तो घसरला. न्यायाधीशांनी मला मागवून घेतले, तळ पाहिला. खाचा खोल होत्या. वकील घाईने म्हणाले, "हा डावा आहे, साहेब. घसरला तो उजवा." न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले. "एका पायात नवा आणि दुसऱ्यात जुना, असं घालतं का हो कोणी?" सगळे हसले. दादा हसला नाही.

मग लंबू उभा राहिला. त्याला इशाऱ्याबद्दल विचारले. तो लाकडी कठडा घट्ट धरून उभा होता.

"इशारा मी दिला होता," तो म्हणाला. "दादा माझ्या झेंड्यावरच आत गेले. तिथं तेल होतं. मीही त्याच तेलावर घसरलो होतो. दादांनी मुकादमांना सांगितलं तेव्हा मी शेजारी होतो."

"मग आधी वेगळं का लिहून दिलंत?"

"घाबरलो, साहेब. अजूनही घाबरलोय."

दादाला न्याय मिळाला. भरपाई मिळाली, नकली पाय बसला, भांडारात बसून करायचे काम मिळाले. लंबूची मात्र दूरच्या स्टेशनावर बदली झाली. वकीलबाई त्यासाठीही भांडल्या, अजून भांडत आहेत. पण दादा आता खडीवरून जातो तेव्हा त्याच्या शेजारी कोणी नसते.

दादाने नवा जोड घेतला. माझी गरज संपली, म्हणून वकीलबाईंनी मला मागून घेतले. मी त्यांच्या कचेरीतल्या कपाटात असतो. कोणी जखमी माणूस आला की त्या मला टेबलावर ठेवतात. "हा धुवायला नको होता," त्या सांगतात. "कपडे, बूट आहेत तसे कागदी पिशवीत ठेवा. जागेचे फोटो त्याच दिवशी काढा. कोणी पाहिलं त्यांची नावं घ्या. समजल्याशिवाय सही करू नका." लोक माना डोलावतात. दार लागते आणि मी पुन्हा अंधारात.

पण आपल्या सुट्टीच्या दिवशी दादा तिथे येतो. त्याचे स्वतःचे काही काम नसते. बाहेरच्या बाकावर नव्याने कुबड्या आलेली माणसे कोणाकडेही न बघता बसलेली असतात. दादा त्यांच्या शेजारी बसतो. सल्ला देत नाही, आपली कहाणी सांगत नाही. बऱ्याच वेळाने विचारतो, "चहा घेणार का?" कपाटाच्या फटीतून, खोलीच्या उघड्या दारापलीकडे मला त्याचे दोन बूट दिसतात. एक जरा कमी वाकतो.

मित्रांनो, वकीलबाई सांगतात ते सगळे लक्षात ठेवा, वेळेला उपयोगी पडेल. आणि तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, तर आज जाऊन त्याच्याजवळ बसा. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल. फक्त चहा निवेपर्यंत उठू नका.